एका दिवसाची प्रदक्षिणा

चालण्यासाठी मराठीत नावे पुष्कळ आहेत. वारी, यात्रा, मोहीम, भटकंती, पायपीट, आणि गेल्या अर्धशतकात शहरी मध्यमवर्गाने आपलासा केलेला ट्रेक. यांतील प्रत्येक शब्दामागे परतीच्या वाटेविषयीची एक धारणा असते. वारीत पोचण्याला महत्त्व असते. परतवारीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मोहिमेत माथा महत्त्वाचा, आणि तो गाठला की उतरणे ही केवळ उरलेली औपचारिकता वाटू लागते. भटकंतीला तर परतण्याचे बंधनच मान्य नसते. प्रदक्षिणा मात्र या सर्वांहून वेगळी आहे. जिथून निघायचे तिथेच यायचे, पण गेल्या पावली यायचे नाही, अशी तिची दुहेरी अट असते. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी करणारा भाविक आणि रानातून, पाण्याकाठून वळसा घालून संध्याकाळी मूळ ठिकाणी येऊ इच्छिणारा आजचा भटक्या यांच्या हेतूंत अंतर असले, तरी दोघांपुढचा व्यावहारिक प्रश्न एकच असतो.

हा प्रश्न आहे माघारीचा. जाऊन त्याच वाटेने यावयाचे असेल तेव्हा प्रत्येक पाऊल मागे घेता येते. पाय दुखला, ऊन चढले, मन विटले, तर वळावे. ओळखीची वाट माणसाला खाली आणून सोडते. फेऱ्याच्या वाटेवर अशी मुभा अर्ध्यापर्यंतच असते. अर्धा फेरा झाल्यावर मागे फिरणे आणि पुढे जाणे यांचे माप सारखे होते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पावलाबरोबर माघार अधिक लांबची होत जाते. म्हणून एका दिवसाच्या फेऱ्याचे नियोजन म्हणजे मुख्यतः एका निर्णयाची जागा आणि वेळ आधीच ठरवून ठेवणे होय. पाठीवरच्या पिशवीत काय भरावे, याचा विचार त्यानंतर येतो.

या दृष्टीने सातारा जिल्ह्यातील वासोट्याची वाट विचारात घेण्याजोगी आहे. साताऱ्याहून कासच्या पठारावरून उतरणारा रस्ता बामणोलीला पाण्याशी येऊन थांबतो. समोर कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरलेला असतो. लाँचने सुमारे दीड तासाचा जलप्रवास केला की पश्चिम काठावर मेट इंदवली नावाची जागा येते. तिथून कोयना अभयारण्याचे दाट रान सुरू होते. रानातून चढत वासोट्याच्या माथ्यावर जायचे, तिथून सह्याद्रीच्या मुख्य धारेच्या कडेकडेने नागेश्वराची गुहा गाठायची आणि ओढ्याच्या वाटेने पुन्हा मेट इंदवलीला उतरायचे, असा हा फेरा आहे. रान, गड, कडा, गुहा आणि तळे यांची अशी सलग गुंफण एका दिवसाच्या आवाक्यात क्वचितच सापडते. मात्र ती खरोखर एका दिवसाच्या आवाक्यात आहे किंवा कसे, याचाच हिशेब प्रथम मांडावा लागतो.

हा हिशेब उलटा मांडायचा असतो. अननुभवी माणूस सकाळपासून आरंभ करतो आणि पुढे तास जोडीत जातो. जाणता माणूस संध्याकाळपासून मागे येतो. अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नाही. तेव्हा अंधार पडण्यापूर्वी लाँच बामणोलीच्या काठाला लागली पाहिजे, ही पहिली आणि न हलणारी खूण. डिसेंबरच्या उत्तरार्धात या भागात सूर्य साधारण सहाच्या सुमारास मावळतो. त्यातून जलप्रवासाचा दीड तास वजा केला की साडेचारला मेट इंदवली सोडायला हवी. नागेश्वराहून खाली येण्यास दोन ते अडीच तास लागतात, म्हणजे दोनच्या सुमारास गुहा सोडली पाहिजे. वासोट्याच्या माथ्यावरून नागेश्वरापर्यंतही तितकाच वेळ धरावा लागतो. अर्थात साडेअकराला गडाचा निरोप घेतला पाहिजे, आणि मधल्या वाटेवर कुठे फार बसायचे नाही. काठापासून गडापर्यंतच्या चढणीला पुन्हा दोन-अडीच तास. एवढ्यात घड्याळ सकाळच्या नऊवर येते, आणि त्याआधीचा जलप्रवास धरला तर साडेसातच्या लाँचमध्ये बसलेले असणे भाग पडते. त्या दिवसांत सूर्य सातच्या आसपास उगवतो. म्हणजे अकरा तासांच्या उजेडात सुमारे साडेदहा तासांचा कार्यक्रम बसवायचा असतो, आणि गड पाहणे, जेवण, वनखात्याच्या चौकीवरील नोंद, कोणाच्या तरी बुटाचा सुटलेला तळ या सर्वांसाठी उरतो तो अर्धा तास.

कागदावर हे जमते. कागदावर न जमणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरातल्या चालीचा एक साधा नियम घालून दिला. सपाटीवर तासाला तीन मैल धरावेत आणि दर दोन हजार फूट चढाईसाठी आणखी एक तास मिळवावा, असे त्याचे सांगणे होते. नियम उपयुक्त आहे, आणि जगभर तो अद्याप वापरलाही जातो. कोयनेचा जलाशय पूर्ण भरला असता त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते. वासोट्याची उंची ११७१ मीटर. चढाई पाचशे मीटरहून किंचित अधिक. नेस्मिथच्या हिशेबाने तिच्यापोटी तासाहून कमीच वेळ वाढवावा लागेल. परंतु स्कॉटलंडच्या उघड्या, थंड टेकड्यांवर बेतलेले हे माप सह्याद्रीच्या कोंदट रानात तसेच लागू करणे म्हणजे परभाषेतील कवितेचे मूल्यमापन आपल्या वृत्तांच्या निकषांवर करण्यासारखे आहे. इथे पायांखाली दगडगोटे आणि पाचोळा असतो, मानेवर घाम असतो, आणि वाट सरळ न जाता झाडांच्या मुळांना विचारीत जाते. शिवाय मेळाव्याची चाल ही त्यातील सर्वांत सावकाश चालणाऱ्याची चाल असते. हे तत्त्व सर्वांना पाठ असते आणि पहिल्याच चढणीवर सर्व जण ते विसरतात.

येथे निर्णयाची जागा येते. मेट इंदवलीहून चढणाऱ्या वाटेला रानात एक फाटा फुटतो. एक पाऊलवाट वासोट्याच्या माथ्याकडे जाते, दुसरी नागेश्वराकडे. गड पाहून खाली उतरताना पुन्हा वाटेच्या निवडीपाशी यावे लागते, आणि त्या क्षणी घड्याळ काय सांगते यावर फेरा पुरा करायचा की आल्या वाटेने उतरायचे हे ठरते. नियोजनाचा सारा कस या एका ठिकाणी लागतो. बारा वाजून गेले असतील तर नागेश्वर सोडायचा, असे आदल्या रात्री घरात बसून ठरविणे सोपे असते. माथ्यावरून समोर चकदेवचा डोंगर आणि रसाळ, सुमार, महिपत ही गडांची त्रयी पाहून आलेल्या, बाबुकड्याच्या काठावर बसून खालचा अजस्र नालाकार कडा डोळ्यांत भरून घेतलेल्या तरुणाला तेच पटविणे कठीण. त्याला दिवस अजून पुष्कळ उरलेला दिसतो. त्याच्याबरोबरच्या साठीच्या गृहस्थाला मात्र गुडघ्यांतून निराळे घड्याळ ऐकू येत असते.

‘काका, अर्ध्या तासाने काय होतं? भराभर उतरू की,’ असे पुतण्या म्हणतो, आणि काकांनी उत्तर द्यायचे असते ते रात्रीच्या कागदावर बोट ठेवून. युक्तिवाद थकलेल्या माणसाने करू नये. तो ताज्या माणसाने आदल्या दिवशी करून ठेवलेला असावा, एवढ्यासाठीच कागद बरोबर न्यायचा.

आपल्याकडील दुर्गवाङ्मयात या कागदाला स्थान नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गो. नी. दांडेकरांनी मराठी वाचकाला किल्ल्यांची गोडी लावली, आणि त्यांच्या लेखनात वाटेचे, माणसांचे, भाकरीच्या चवीचे भान सतत जागे असते. त्यांच्या मागून आलेल्या लेखनात मात्र माथा आहे, सूर्यास्त आहे, इतिहासाचे उमाळे आहेत; घड्याळ नाही. दोन वाजता कुठे होतो, पाणी किती उरले होते, कोण मागे राहिले होते, हे सांगण्यात काही काव्य आहे असे या लेखकांना वाटत नाही. वस्तुतः डोंगरातील दिवसाचे नाट्य नेमके तिथेच असते.

पाण्याचा विचारही असाच. माणशी तीन लिटर पाणी न्यावे, हा सर्वसाधारण सल्ला योग्य आहे. गडावरच्या टाक्याचा किंवा वाटेतील ओढ्याचा भरवसा ऋतूवर अवलंबून असतो. आणि ऋतूच्या निवडीत एक पेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत दिवस मोठा होतो. डिसेंबरच्या अकरा तासांऐवजी साडेबारा ते तेरा तास उजेड मिळतो आणि फेरा सुखाने बसतो. पण तेव्हा ओढे आटलेले असतात, रान तापलेले असते, आणि चढणीवर माणूस दुप्पट पाणी पितो. पावसाळ्यानंतर लगेच जावे तर ओढे खळखळत असतात, जलाशय तुडुंब असतो, परंतु वाटेवर जळवा असतात, दगड शेवाळलेले असतात आणि दिवस आखडू लागलेला असतो. ऐन पावसाळ्यात हे रान पर्यटकांना बंदच असते. ज्या ऋतूत पाणी असते त्यात उजेड अपुरा, आणि उजेड असतो त्यात पाणी अपुरे. फेब्रुवारीचा मध्य ही त्यातल्या त्यात तडजोडीची वेळ. महाशिवरात्रही याच सुमारास येते, आणि तेव्हा कोकणातून चोरवण्याच्या बाजूने भाविक कडा चढून नागेश्वराच्या दर्शनाला येतात. गुहेत पिंडीवर पाणी ठिबकत असते. या भाविकांपाशी ना नकाशा, ना आराखडा. पण पहाटे कधी निघायचे आणि ऊन कुठे गाठेल हे त्यांना पिढ्यांच्या अनुभवाने माहीत असते. ज्याला परंपरा म्हणतात ती पुष्कळदा जुने, पारखलेले वेळापत्रकच असते.

सामानाविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. पकड असलेले बूट, अंगभर कपडे, शिटी, दोरी, विजेरी, काडेपेटीऐवजी समंजसपणा. रानात विस्तव करायचा नाही. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि लिंबू यांना पर्याय शोधण्याचे कारण नाही. चौकीवर पिशव्या तपासल्या जातात आणि आत नेलेले प्लॅस्टिक बाहेर आणावे लागते. गवा, अस्वल आणि बिबट्या हे या रानाचे रहिवासी आहेत. तेव्हा मोठ्याने गाणी म्हणण्याची हौस घरी ठेवावी आणि एकट्याने पुढे धावण्याचीही. सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारी नकाशा जवळ असावा. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि समोच्च रेषा जितक्या जवळजवळ तितका चढ तीव्र. वासोट्याच्या पश्चिमेला या रेषा एकमेकींत मिसळून जणू एकच जाड रेष होते. ज्याला ती वाचता येते तो कड्याच्या टोकाशी छायाचित्रासाठी पाठ करून उभा राहत नाही.

या वाटेवरचे खरे अवघड वाचन मात्र नकाशाच्या निळ्या रंगात आहे. शिवसागर हा निसर्गनिर्मित तलाव नव्हे. महाबळेश्वरी उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या पायाशी दक्षिणेकडे वाहत जाऊन हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्यावर १९५०-६०च्या दशकांत धरण बांधले गेले. तिच्या पाण्याचा मोठा भाग डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला वळवून पोफळीच्या वीजगृहात सोडण्यात आला. बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी वीज देऊन वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्राला मिळू लागले. महाराष्ट्राचे कारखाने आणि घरे या विजेवर उजळली, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर कोयना, सोळशी, कांदाटीच्या खोऱ्यांतील गावे पाण्याखाली गेली आणि तेथील कुटुंबे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत वसविण्यात आली. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविणाऱ्या माणसाला माळरानावरच्या शेताशी ओळख करून घ्यावी लागली. त्यानंतर ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने हे खोरे हादरले. १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले, आणि २०१२ साली कासच्या पठाराबरोबर कोयनेचे रानही जागतिक वारसा म्हणून मान्य झाले.

मेट या शब्दाचा अर्थ गडाच्या पायथ्याची पहाऱ्याची चौकी. मेटकरी गडावर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवीत. आज त्याच जागी वनखात्याचा माणूस नावे लिहून घेतो. शब्दाचा अर्थ पुरता एक फेरा मारून मूळ जागी आला आहे. मेटाची वस्ती मात्र उठून गेली. वाटेला लागताच रानात जुन्या घरांची जोती दिसतात, पुढे ओढ्याकाठी मारुती आणि गणपती उघड्यावर बसलेले आहेत. आज ज्या पाऊलवाटेला आपण ट्रेकचा मार्ग म्हणतो ती कोणाची तरी गुरे चारायला नेण्याची, लग्नाचे वऱ्हाड नेण्याची, कोकणातून मीठ आणण्याची वाट होती. ती आयती मळलेली मिळाली म्हणून आराखड्यातला वेळ अडीच तासांवर येतो; नव्याने काढावी लागली असती तर दिवस पुरला नसता.

लाँच चालविणारे या खोऱ्यातलेच लोक. त्यांपैकी एखाद्याला विचारले तर तो सुकाणूवरचा हात न काढता पाण्याकडे मान करून सांगतो, ‘हितं खाली आमच्या आज्याचं घर हाय.’ तो ‘होतं’ म्हणत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने हा काळाचा दोष ठरेल. पण त्याच्या भाषेत तो वर्तमानकाळच योग्य आहे. प्रवासी क्षणभर गप्प होतात, कोणी छायाचित्र काढतो, मग तोच नावाडी व्यवहाराचे बोलतो: ‘दादा, पाचच्या आत खाली या. म्हातारं माणूस हाय बरोबर, नागेश्वराच्या नादाला लागू नका.’ शहरातून आणलेल्या सर्व आराखड्यांपेक्षा या वाक्याचे मोल अधिक असते, कारण त्याने माणसांच्या चालीकडे धक्क्यावरच पाहून घेतलेले असते. रात्री केलेल्या कागदावर या सल्ल्यासाठी एक ओळ कोरी ठेवलेली असावी.

गडाच्या इतिहासातही परतीचा प्रश्नच पुनःपुन्हा येतो. शिवकालात राजापूरच्या वखारीतील काही इंग्रजांना इथे कैदेत ठेवण्यात आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ताई तेलिणीने हा गड बापू गोखल्यांविरुद्ध महिनोन्‌महिने लढविला. पुढे दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांना व त्यांच्या परिवाराला इथेच अटकेत ठेवले. पकडलेले दोन इंग्रज अधिकारीही येथेच होते. एप्रिल १८१८मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून मारा केला तेव्हा गड पडला आणि त्या वेळी तेथे असलेले कैदी सुटले. ज्यांना येथून जाता येत नव्हते त्यांच्यासाठी हा गड बांधीव झाला होता. त्याच्या दुर्गमतेची कीर्ती ही मुळात बंदिशाळेची कीर्ती आहे. व्याघ्रगड या शिवकालीन नावात तिची दहशत आहे. आज मारुतीच्या छप्पर नसलेल्या देवळापाशी उभे राहून पाहणाऱ्याला ती जाणवत नाही, कारण त्याच्या खिशात परतीच्या लाँचची वेळ असते.

बहुतेक मेळावे नागेश्वर सोडतात. सोडावाच लागतो, सकाळी लाँच उशिरा सुटते, चौकीवर रांग असते, कोणाला धाप लागते. खाली उतरताना तरुण थोडे फुरंगटतात, आणि ओढ्याच्या थंड पाण्यात पाय टाकले की विसरतात. पुरा फेरा साधणारे थोडे, आणि त्यांतही घड्याळ न पाहता साधलेले त्याहून थोडे.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी आराखड्यात आणखी एक दुरुस्ती करावी. जलाशयातून वर्षभर पाणी काढले जाते, त्यामुळे मे महिन्यापर्यंत काठ बराच खाली सरकलेला असतो. लाँच नेहमीच्या जागी लागत नाही. दूर, चिखलाच्या कडेला उतरवते. तिथून रानाच्या चौकीपर्यंत भेगाळलेल्या गाळातून उन्हात चालावे लागते. पाणी आणखी ओसरले तर जुन्या वस्तीच्या खुणाही मधून मधून वर आलेल्या असतात. काठच्या काही ठिकाणी लोक गाळपेर करतात, तिथून जपून जावे. पिकात पाय घालू नये. जाताना पंधरा मिनिटे आणि येताना, थकलेल्या पायांनी, वीस मिनिटे, अशी पस्तीस मिनिटे संध्याकाळपासून मागे मोजताना धरली पाहिजेत.